ठासणीच्या बंदुकीची नक्कल : वाचकांचे प्रश्न

नाटकं आणि प्रदर्शनांसाठी जुन्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकांच्या प्रतिकृती कशा घडवतो, यावर मागच्या अंकात मी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बरेच प्रश्न एकमेकांसारखे होते, म्हणून निवडक इथे घेतले आहेत. घोडपदेवच्या माझ्या गाळ्यात घडलेली एकही बंदूक उडत नाही आणि पुढे कुणाला ती उडवता येईल अशी सोय मी ठेवत नाही. नळीच्या जागी भरीव सळई किंवा लाकडी दांडा असतो, तोंडाशी काळा रंग दिलेला नखभर खोल खळगा आणि कानाच्या, म्हणजे दारूला पेट द्यायच्या बारीक भोकाच्या, जागी नुसता ठिपका. खालची सगळी उत्तरं अशाच नकलांबद्दल आहेत.

आमचा हौशी गट पानिपतावर दीर्घांक बसवतोय. ड्रेसवाल्याने सगळ्या शिपायांना एकसारख्या बंदुका दिल्यात. चालतील का? (दादर)

नाही चालणार. आणि बदल करायला फार खर्चही नाही, म्हणून करा असा माझा आग्रह आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने दोन तऱ्हेचे बंदूकवाले होते. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी फ्रेंच धर्तीची कवायत शिकलेल्या. त्यांच्या हातात चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, आणि पुढे संगीन चढवता येणारी बंदूक द्या. बाकी पायदळातल्या बंदूकवाल्यांना तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, द्या. प्रेक्षकाला इतिहास ठाऊक नसला तरी दोन रांगा शेजारी उभ्या राहिल्या की कवायती फौज कोणती आणि जुन्या चालीची कोणती हे त्याला नुसतं बघून कळतं. दिग्दर्शकाला एक संवाद कमी लिहावा लागतो.

आता घडण. आपल्याकडची तोड्याची बंदूक फार सडपातळ असते. लांबी पाच फुटांच्या आसपास, काही त्याहूनही लांब. दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जवळजवळ सरळ, आणि उत्तरेकडच्या पुष्कळ नगांत त्याचा छेद पंचकोनी. ड्रेसवाल्यांकडच्या बंदुकांचा दस्ता क्रिकेटच्या बॅटसारखा रुंद असतो, तो आधी बदला. नळी दस्त्याला तारेने, चामड्याच्या वादीने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असते. चाप म्हणजे पातळ, सरळ पत्रा. त्याच्याभोवती कमान बहुधा नसतेच. तोडा धरणारा घोडा लाकडातल्या खाचेतून वर येतो आणि चाप ओढला की पुढे, म्हणजे तोंडाच्या दिशेने, रंजकाच्या, म्हणजे पेट देणाऱ्या बारीक दारूच्या, वाटीवर वाकतो. युरोपातल्या तोड्याच्या बंदुकीत तो पुढून मागे, नेम धरणाऱ्याकडे येतो. इंग्रजी चित्रं पाहून काम करणारे कारागीर इथे हमखास फसतात, आणि मग मावळ्याच्या हातात जर्मन बंदूक येते.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कुणीच करत नाही. कान साफ करायची सुई साखळीने बंदुकीलाच लटकवलेली असायची. दारूच्या काजळीने कान बुजला की शिपाई ती सुई घालून मोकळा करायचा. पितळेची चार इंची बोथट तार आणि बारीक साखळी लावा. नट चालताना ती हलते, लाकडावर किणकिणते, आणि हातातली वस्तू वापरातली वाटायला लागते.

चकमकीच्या बंदुकीचा दस्ता जाड आणि खाली वाकलेला. चापाभोवती कमान, आणि घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात आवळलेली गारगोटी. फ्रेंच आणि इंग्रजी नमुन्यांत लांबूनही दिसणारा फरक आहे. फ्रेंच बंदुकीत, १७२८ च्या नमुन्यापासून, नळी लोखंडी पट्ट्यांनी दस्त्याला आवळलेली दिसते. इंग्रजांच्या 'ब्राऊन बेस' या बंदुकीत ती लाकडातून आडव्या जाणाऱ्या खिळ्यांवर बसते, त्यामुळे पुढचा भाग गुळगुळीत दिसतो. तुमच्या गारद्यांना पट्ट्या द्या, तीन पुरेत. ब्राऊन बेसच्या नळ्याही काळाप्रमाणे आखूड होत गेल्या. आधी ४६ इंच, मग ४२, आणि ईस्ट इंडिया कंपनीने रूढ केलेल्या नमुन्यात ३९. हा ३९ इंची नमुना इंग्रज सरकारने आपल्या सैन्यासाठी १७९७ मध्ये उचलला. म्हणजे १८१७ च्या खडकीच्या लढाईवरच्या नाटकात तो बेलाशक दाखवा, पानिपतात नको.

टोपीच्या, म्हणजे स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या, बंदुका १८५७ च्या नाटकांसाठी ठेवा. शिवकालीन नाटकात तोड्याचीच हवी.

घडवायला बसण्याआधी फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात जाऊन या. पुण्याला जाणं होत असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयही बघा. फोटो समोरून काढलेले असतात, त्यात दस्त्याची जाडी कळत नाही. काचेच्या कडेला उभं राहून मागच्या टोकाकडून नळीच्या रेषेत बघा आणि तिथलं चित्र वहीत काढून घ्या. माझ्या कामातलं निम्मं मोजमाप अशा चित्रांवरूनच आलं आहे.

चाळ पाडली तेव्हाची सागवानी तुळई माझ्याकडे आहे. त्यातून दस्ता निघेल का? शिसवीच लागते असं एक सुतार म्हणाला. (लालबाग)

निघेल, आणि चांगला निघेल. पूर्वी दस्त्यांना शिसवी, अक्रोड अशी लाकडं वापरत, म्हणून सुतार तसं म्हणाला असेल. पण शिसवी जड असते. रंगमंचावर तासभर बंदूक खांद्यावर वागवणाऱ्या पोराचा विचार करा. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात आणि पाडकाम करणाऱ्यांकडे जुनं सागवान अजून मिळतं. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड नव्या वखारीत मिळणार नाही.

रंधा लावण्याआधी तुळईवर सगळीकडून लोहचुंबक फिरवा. जुने खिळे डोकं तुटून आत राहिलेले असतात, एका खिळ्याने रंध्याचं पातं जातं. मग रेषा बघा. दस्ता जिथे बारीक होतो, म्हणजे चापाच्या मागचा गळा, तिथे लाकडाच्या रेषा दस्त्याच्या लांबीला धरून सलग गेल्या पाहिजेत. त्या तिथे तिरक्या बाहेर पडत असतील तर पहिल्या तालमीत बंदूक पडेल आणि बरोबर तिथेच दोन तुकडे होतील. फळीवर दस्त्याचा कागदी साचा ठेवून तो सरकवत, फिरवत राहा आणि गळ्याला सलग रेषा मिळाली की मगच पेन्सिल लावा. लाकूड वाया जातंय याची हळहळ करू नका. मी आयुष्यभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्यासाठीचे नमुने, केले. चांगला पॅटर्नमेकर फळी निवडण्यात जेवढा वेळ घालवतो तेवढा तासण्यात घालवत नाही.

सागवान तेलकट असतं. चिकटवायचं असेल तर जोडाचा भाग आधी थिनरने पुसा आणि लगेच गोंद लावा.

नळी बसवायची खाच करताना आमच्या धंद्यातली जुनी युक्ती वापरा. तेलाच्या दिव्यावर पत्रा धरून काजळी जमवा, थेंबभर तेलात कालवा आणि सळईच्या खालच्या अंगाला बोटाने अगदी पातळ फासा. सळई खाचेत ठेवा, हलकं दाबा, उचला. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते उंच आहे. तेवढंच पटाशीने खरवडा, पोह्याएवढी साल निघाली तरी पुरे. पुन्हा फासा, पुन्हा ठेवा. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात, मग त्यांचे पट्टे होतात आणि शेवटी सगळ्या खाचेत करडी छटा एकसारखी उमटते. तेव्हा सळई आपल्या वजनाने बसते आणि कडेला नखही शिरत नाही. या कामात घाई केली की फट राहते. ती पुट्टीने बुजवली तरी दिव्याखाली उठून दिसते.

आणखी एक. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा लाकडात साधारण १६ टक्के पाणी टिकून राहतं. ५० टक्के आर्द्रतेच्या एसी दालनात ते ९ टक्क्यांच्या जवळ उतरतं. म्हणून प्रदर्शनासाठीची बंदूक पावसाळ्यात जोडू नका. दस्ता रुंदीत आकसतो, पट्ट्या ढिल्या पडतात. लाकूड आता तासून ठेवा, जोडणी दिवाळीनंतर करा.

दस्त्याला जवसाचं तेल लावलं. दोन आठवडे झाले, अजून चिकट आहे. काय करू? (गोरेगाव)

आधी एक विचारतो. तेल पुसलेल्या चिंध्या कुठे आहेत? चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या असतील तर हे वाचणं थांबवा आणि त्या बाहेर काढा. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता तयार होते. चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता निघून जाते. बोळा असला तर आतल्या आत साठत जाते आणि काडी न लावता तो पेटतो. आपल्या दाटीच्या गाळ्यांत, लाकडाच्या भुशाशेजारी, हे किती महागात पडेल ते सांगायला नको. चिंध्या दोरीवर एकेरी वाळत घाला, पूर्ण कडक झाल्या की मग टाका. नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.

आता चिकटपणा. तुम्ही तेल जाड लावलंत आणि पुसलं नाहीत, हे पत्रावरून दिसतंय. शिवाय तेल कुठलं? किराणा दुकानातलं खाण्याचं जवस तेल वाळायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' मागा, त्यात वाळायला मदत करणारी द्रव्यं असतात. खोबरेल, तीळ, शेंगदाणा यांतलं काहीही लावू नका. ती तेलं लाकडावर कडक होत नाहीत, कायम तेलकट राहतात आणि धूळ धरतात.

आत्ता टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने वरचा चिकट थर पुसून काढा. दस्ता दोन दिवस खिडकीशी उजेडात टांगा, पंखा चालू ठेवा. या तेलाला वाळायला हवा आणि उजेड दोन्ही लागतात, बंद कपाटात ते रखडतं. मग पुढचा हात असा द्या की तळहातावर चार-पाच थेंब घेऊन दस्त्यावर चोळायचे, तळहात गरम झाला पाहिजे. पंधरा मिनिटांनी कोरड्या सुती कापडाने, काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत पुसायचं. कोरड्या हवेत रोज एक हात चालतो. पावसात दोन हातांमध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

तेलाच्या आधीचं एक काम बरेचजण टाळतात. पाणी पेपर मारून झाल्यावर ओल्या फडक्याने दस्ता पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक केस उभे राहतात, हात फिरवला की खरखर लागते. ते केस नव्या पेपरने हलकेच कापा. असं दोनदा केलं की पुढे घामाच्या हाताने दस्ता खरखरीत होत नाही.

चपडीचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश करायचं म्हणाल तर ते पावसाळी हवेत करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि पांढुरकी झाक येते. आणि तोड्याच्या बंदुकीला आरशासारखी चकाकी मला व्यक्तिशः आवडत नाही. लाकूड हाताळून तुकतुकीत झालेलं दिसावं.

आंब्याच्या लाकडाचा दस्ता केलाय, पण फार फिका दिसतो. बाजारातला स्टेन डाग पाडतो. (चेंबूर)

हिरडा वापरा. आयुर्वेदिक दुकानातून हिरड्याची पूड आणा, पाण्यात उकळून गाळा आणि दस्त्याला दोन हात देऊन वाळवा. दुसरीकडे काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात लोखंडी तारेचा बोळा टाका. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. काही दिवसांनी ते पाणी गाळून घ्या आणि वाळलेल्या दस्त्यावर फिरवा. हिरड्यातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की लाकूड तुमच्या डोळ्यांदेखत करडं, मग काळपट होतं. कलमकारीतला काळा रंग याच मेळाने येतो. आंब्याच्या लाकडात स्वतःचं टॅनिन कमी, म्हणून हिरडा आधी लागतो. बाभळीला नुसतं लोखंडाचं पाणीही पुरतं. रंग किती गडद होतो हे त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी बघा. तेल लावल्यावर तो आणखी एक पायरी खाली उतरतो.

नळीला जुन्या लोखंडाचा तपकिरी रंग हवा आहे. स्प्रे पेंट खोटा वाटतो. (मुलुंड)

वाटणारच. जुन्या नळीचा तपकिरी रंग म्हणजे ताब्यात ठेवलेला गंज. तोच चढवायचा.

मऊ पोलादाची भरीव सळई घ्या. २० मिलीमीटरची सळई मीटरला जवळजवळ अडीच किलो भरते, एवढं ध्यानात ठेवून ती प्रदर्शनाच्या नगासाठीच वापरा. कानशीने लांबीच्या दिशेने साफ करा, पाणी पेपर मारा, मग साबणाने आणि शेवटी ॲसिटोनने तेलाचा अंश काढा. यापुढे उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटांच्या घामात मीठ असतं, ठसा उमटला की तो शेवटपर्यंत दिसतो.

लाकडी खोक्यात सळई टांगा, तळाशी गरम पाण्याचं भांडं ठेवा, झाकण लावा. पावसाळ्यात तर एका रात्रीत नारिंगी मऊ गंज धरतो. अगदी बारीक तारेच्या बोळ्याने तो हलक्या हाताने झाडा. खाली चिकटून राहिलेली पातळ छटा हा तुमचा पहिला थर. चार-सहा वेळा असं केलं की रंग गडद आणि एकसारखा होतो. काळा हवा असेल तर प्रत्येक वेळी झाडण्याआधी सळई स्वच्छ पाण्यात उकळा. तांबडा गंज उकळून काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. एवढ्या लांबीचं भांडं घरात नसतं, पत्र्याचं काम करणाऱ्याकडून उथळ पन्हाळ करून घ्या आणि दोन शेगड्यांवर ठेवा.

गंज लवकर यावा म्हणून मिठाचं पाणी लावा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. मुंबईत ते करू नका. मिठाचा अंश पोलादाच्या छिद्रांत राहतो आणि आपल्या खाऱ्या हवेत आतून गंजत राहतो. सहा महिन्यांनी मेणाखालून पुळ्या येतात. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा, सळई कोमट असतानाच तेल आणि वरून मधमाशीचं मेण चोळा.

नटाच्या हातातल्या बंदुकीला लाकडी दांडाच बरा. त्याला काळ्या रंगात चपडी लावा, ती किंचित ओलसर असताना ग्राफाइटची पूड कापडाने घासा. चार हातांवरूनही लोखंड वाटतं. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप तापवून कुणी रंग आणू पाहत असेल तर थांबवा. जस्ताची वाफ छातीत जाते, ताप भरतो. आणि मुळात नकलेत पाइप नकोच. कारण पुढच्या उत्तरात आहे.

शेवटच्या प्रवेशात बार उडून धूर निघाला तर फार परिणाम होईल. थोडीशी दारू घालता येईल अशी नळी करून द्याल का? (वसई)

नाही. थोडीशीही नाही.

पाइप उभ्या शिवणीने जोडलेला असतो. दारू पेटली की ती शिवण उकलते, आणि जिथे उकलते तिथे नटाचा डावा हात असतो. हे झालं शरीराचं. कायद्याचं सांगायचं तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता किंवा दुरुस्त करता येत नाही आणि कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीची खरी करणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. दारूला १८८४ चा स्फोटकांचा कायदा लागू आहे. ठासणीची आहे, जुन्या पद्धतीची आहे, म्हणून यातून सूट मिळत नाही.

परिणामच हवा असेल तर बार विंगेत करा. रिकाम्या लाकडी पेटीवर जाड चामड्याचा पट्टा आपटला की जो आवाज येतो तो ध्वनिमुद्रित बारापेक्षा सरस असतो, कारण तो त्याच जागेत घुमतो. धुरासाठी फॉग मशिनची नळी नटाच्या मागून आणा. आणि काळ सांभाळा. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी रंजक फुरफुरतं, मग बार होतो. त्या दोन्हींत कानाला जाणवेल न जाणवेल एवढं अंतर असतं. नटाने त्या अवधीत डोळे मिटून मान किंचित वळवली, तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा दचकतो.

राजापूरजवळच्या गावी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. पिकाच्या राखणीसाठी परवाना होता. आजोबा गेले. ती इथे आणून साफ करून भिंतीवर लावायची आहे. (गिरगाव)

तुमच्या भावना समजतात, कोकणातल्या कितीतरी घरांत अशी बंदूक आहे. पण ती एसटीत घालून आणू नका. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो तुमच्याकडे आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी. जमा केल्याची पावती घ्या. मग वारस म्हणून तुमच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशांनाच. तुमची तशी आहे का हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही.

त्याहून तातडीचं म्हणजे ठासणीच्या बंदुका भरलेल्या स्थितीत वर्षानुवर्षं खुंटीला लटकत राहतात. रानडुकरासाठी रात्री भरलेली, डुक्कर आलं नाही, तशीच ठेवली. काळी दारू कोरडी राहिली तर तिचा जोर जात नाही. म्हणून नळीत गज घालून खरवडू नका, उन्हात किंवा आगीजवळ ठेवू नका, घोड्याशी चाळा करू नका, तोंड कुणाकडेही नको. पोलीस ठाण्यात फोन करून सांगा की घरात जुनी बंदूक आहे आणि ती भरलेली असण्याची शक्यता आहे. पुढे काय करायचं ते तेच सांगतील.

भिंतीवर आजोबांची आठवण हवी असेल तर जमा करण्याआधी, हात न लावता, तिचे फोटो काढा. शेजारी जमिनीवर मोजपट्टी ठेवा. दस्त्यावर त्यांच्या हाताने जिथे झीज झाली असेल तिथले फोटो जवळून घ्या. त्यावरून मी नक्कल करून देईन. अशी कामं मी आवडीने करतो.

तुमच्या कामात जुनेपणा कमी पडतो. जाणकारही फसेल असं काम करणारे कारागीर आहेत. तुम्ही का करत नाही? (विलेपार्ले)

जाणकाराला फसवणं हा माझा धंदा नाही, म्हणून करत नाही. माझ्या प्रत्येक नगात नळीच्या खालच्या अंगाला, दस्त्याच्या आत, साल आणि 'प्रतिकृती' हा शब्द छिन्नीने कोरलेला असतो. मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात खोट्या बंदुका खऱ्या म्हणून विकल्या जातात. ईस्ट इंडिया कंपनीचं चार भाग केलेलं हृदयाचं चिन्ह किंवा नंतरचा सिंह नव्या पत्र्यावर उठवायचा, ॲसिडने झिजवायचा आणि गिऱ्हाइकाला सोपवायचा. त्यात घेणारा लुबाडला जातोच, पण मला जास्त राग येतो तो वेगळ्या कारणाने. असे दहा नग बाजारात फिरले की अकरावा, खरा नगही संशयात येतो. एखाद्या घराण्यातली अस्सल बंदूक मग कवडीमोलाने भंगारात जाते.

जुनेपणा मीही आणतो, पण वापराचा. नळीचा तोल जिथे येतो तिथे डाव्या हाताची पकड, चापाजवळ तर्जनी, दस्त्याच्या वर गाल. एवढ्या तीन जागी तेलाचा रंग थोडा घासून काढतो. दारू ठासायच्या गजाची जिथे ये-जा होते तिथली कड गोल करतो. साखळीने, किल्ल्यांनी ठोकून पाडलेल्या खड्ड्यांना मी जुनेपणा म्हणत नाही. शिपाई आपली बंदूक अशी ठोकत नव्हता, तो तिला जपायचा.

मी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी तोड्याची बंदूक करायची आहे. पप्पा म्हणतात लोकलने नेता येणार नाही. (डोंबिवली)

पप्पांचं बरोबर आहे. गर्दीत कुणी ती खरी समजलं तर धावाधाव होईल आणि त्यात कुणाला तरी लागेल. तू ती दोन तुकड्यांत कर, नळी वेगळी आणि दस्ता वेगळा, शाळेत गेल्यावर दोऱ्याने बांध. खऱ्या बंदुकीतही नळी बांधलेलीच असायची, त्यामुळे ते शोभेलच. दस्त्याला थर्माकोल नको, पुठ्ठ्याचे थर फेव्हिकॉलने चिकटवून घासून काढ. नळीला झाडूची काठी चालेल. तोडा म्हणून सुती दोरी चहाच्या पाण्यात उकळून घे, टोकाला राखाडी रंग दे आणि मध्ये लाल ठिपका. खरा पेटवायचा नाही. शेजारी एक कागद लाव आणि घोडा पुढे का वाकतो, सुई कशासाठी आहे हे तुझ्या शब्दांत लिही.

मोठ्यांसाठी यातच सांगतो. प्रतिकृती गाडीतून नेतानाही पूर्ण गुंडाळून न्या. सोबत संस्थेच्या लेटरहेडवर प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि नगांची संख्या लिहिलेलं पत्र ठेवा. रस्त्यावर किंवा उघड्या मैदानात प्रयोग असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. प्रतिकृती बनवून विकायचा विचार असेल तर २०१६ चे शस्त्र नियम धरून आज काय लागू आहे, ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात परवाना शाखेला लेखी विचारा. विचारताना नळी भरीव असल्याचे आडव्या छेदाचे फोटो जोडा, म्हणजे पहिलाच प्रश्न मिटतो.